फेरफार विरोधात गेला तर: नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदा महसुली अपील करणाऱ्यांसाठी

सातबाऱ्यावरून आपलं नाव गेलं, किंवा ज्याचं यायला नको होतं त्याचं आलं, की घरात सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं कोर्टात जा, कोणी म्हणतं कलेक्टरला निवेदन द्या, एखादा ‘तलाठ्याशी बोलून बघतो’ म्हणतो. प्रत्येक सल्ल्यामागे आठ-पंधरा दिवस जातात आणि या कामात दिवस फार मोलाचे असतात. फेरफार नोंद, म्हणजे सातबाऱ्यावर बदल करणारी नोंद, मंजूर किंवा नामंजूर झाली आणि तो निर्णय तुम्हाला मान्य नसेल, तर पहिलं दार प्रांतांचं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचं. तिथे अपील करायचं. मुदत ६० दिवस.

हे वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर माझ्या आईचं आणि मावशीचं जवळजवळ एक वर्ष वाचलं असतं. आजोबा गेले. तेराव्याच्या गडबडीत दोघींच्या सह्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घेतल्या गेल्या आणि वारस नोंदीत फक्त आजी आणि दोन मामा लागले. साडेचार एकर, निम्म्यावर द्राक्षबाग. तालुक्याचं नाव लिहीत नाही. मामांशी आता पुन्हा येणंजाणं सुरू झालंय आणि ते टिकावं अशी आईची इच्छा आहे. त्या अपिलानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर मी प्रांत कचेरीतल्या बाकावर बसले आहे. मी वकील नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात वकील लावाच. पण वकिलाकडे जाण्याआधी आपल्या हातात काय असलं पाहिजे आणि तारखेला काय होतं, हे माहीत असेल तर माणूस निम्मा सावरतो.

हे कोर्ट नाही, तरी निकाल इथेच लागतो

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या कायद्याने महसूल खात्यातच एकावर एक अशी अपिलाची शिडी उभी केली आहे. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारांच्या आदेशावर प्रांत, प्रांतांच्या आदेशावर जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी, त्यांच्या आदेशावर नाशिक रोडचं विभागीय आयुक्त कार्यालय, आणि त्यापुढे शासन. हे सगळे अधिकारीच, न्यायाधीश नव्हेत. पण अपील ऐकताना त्यांना दोन्ही बाजू ऐकून, कारणं देऊन निकाल द्यावा लागतो. याला अर्धन्यायिक काम म्हणतात. कचेरीत मात्र सगळे ‘प्रांतांच्या कोर्टात तारीख आहे’ असंच म्हणतात.

याचे दोन परिणाम नवख्या माणसाने आधीच समजून घ्यावेत. पहिला असा की जे प्रांत तुमचं अपील ऐकणार, त्यांच्याकडेच निवडणूक, भूसंपादन, अवकाळीचे पंचनामे, मंत्र्यांचे दौरे हेही असतं. नाशिकला तर भर म्हणून २०२७ चा सिंहस्थ आहे. तारखेला गेलं आणि ‘साहेब बैठकीला गेलेत’ ऐकायला मिळालं, असं एकदा तरी होणारच. त्यात तुमच्याविरुद्ध काही शिजलेलं नसतं. मनाची तयारी ठेवा आणि त्या दिवशीही हजेरी लावूनच निघा.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. प्रांत नोंद बरोबर की चूक एवढंच ठरवतात, जमिनीचा मालक कोण हे ठरवत नाहीत. सातबारा हा महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण त्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं असा वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावं लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश शासन या प्रकरणात पुन्हा एकदा स्पष्ट केलं. वाटप हवंय, खरेदीखत रद्द करून हवंय, मृत्युपत्र बनावट आहे, यातलं काही तुमचं मुख्य म्हणणं असेल, तर प्रांतांकडे वर्षं घालवू नका, दिवाणी वकील गाठा. नोंद करताना पद्धत पाळली गेली नाही, नोटीस दिली नाही, वारस गाळला, हरकत असताना सुनावणी न घेता नोंद मंजूर केली, दस्त नसताना नोंद धरली, ही सगळी प्रांतांकडची कामं.

आधी फाइल काढा, मग रागवा

आपल्यावर अन्याय झालाय हे आपल्याला मनातून माहीत असतं. तो कागदावर कुठे दिसतो, हे मात्र फाइल हातात आल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच काम: नकला.

नोंद कशी होते ते आधी थोडक्यात. वर्दी (बदल कळवणारा अर्ज) किंवा दस्त आला की तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार वहीत, नोंद घेतो. तिची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस द्यायची, असं कलम १५० सांगतं. याला नमुना ९ ची नोटीस म्हणतात. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदींच्या वहीत जातं आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

चूक यातल्याच कुठल्यातरी पायरीवर असते. तेव्हा मागायचं काय तर फेरफाराची नक्कल, नमुना ९ ची नोटीस आणि तिची पोच, वर्दी अर्ज आणि त्यासोबतची सगळी कागदपत्रं, झाले असतील ते जबाब, आणि हरकत झाली असेल तर ६-अ चा उतारा व मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारांचा आदेश. तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि त्यावर शिक्का, तारीख, सही घ्यायची. नुसतं ‘देतो, उद्या या’ यावर परत फिरू नका. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, तिथेही दाद नाही लागली तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. पण माहिती अधिकाराचं उत्तर येण्याची वाट बघत मुख्य अपिलाची मुदत घालवू नका. ही चूक मी दोनदा पाहिली आहे.

आमच्या फाइलीत आईच्या नावाची नोटीस निघाली. पत्ता माहेरच्या मळ्याचा. आईचं लग्न होऊन ३८ वर्षं झाली होती, त्यातली ३१ ती नाशिकलाच राहते. नोटिशीच्या मागे, जिथे घेणाऱ्याची सही असते तिथे, धाकट्या मामाची सही होती आणि खाली निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘बहिणींच्या वतीने’. मावशीच्या नोटिशीवरही तेच अक्षर. त्याखाली तो स्टॅम्पपेपर: ‘आम्ही आमचा हक्क राजीखुशीने सोडत आहोत.’ नोंदणी नाही, दुय्यम निबंधकाचा शिक्का नाही. आई तो कागद बराच वेळ हातात धरून बसली. मला मात्र त्या क्षणी पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण आता दाखवायला काहीतरी होतं. हक्कसोडपत्र लेखी असेल तर ते नोंदणीकृतच लागतं, नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम १७ तसं सांगतं. साध्या कागदावर सही करून जमिनीतला हक्क सुटत नाही. आणि मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मापासून असतो, वडील २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात ठरवून टाकलं आहे.

दार नक्की कोणतं

प्रांत कोणते, हे जमीन कुठे आहे त्यावर ठरतं, तुम्ही कुठे राहता त्यावर नाही. राहायला सिडकोत आणि जमीन कळवणला, तर अपील कळवणच्या प्रांतांकडे. निफाडची जमीन निफाडला. सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन आलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात. तो अर्ज फिरत फिरत प्रांतांकडे जातो, तक्रार म्हणून नोंदला जातो, आणि ‘आपण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करावे’ असं पत्र दोन महिन्यांनी घरी येतं. तोवर मुदत संपलेली.

काही कामांना प्रांतांचं दारच नाही, काहींचा मार्ग वेगळा आहे. शहरातली मिळकत, जिचा सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका सुरू झाली आहे, तिच्यावरची फेरफार नोंद भूमी अभिलेख खात्याची. नगर भूमापन अधिकाऱ्यांच्या निर्णयावर त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे, म्हणजे जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे जायचं. कुळकायद्याची भानगड वेगळी: १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याखाली तहसीलदारांचा आदेश असेल तर कलम ७४ चं अपील, आणि त्यावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे कलम ७६ चं पुनरीक्षण, म्हणजे वरच्याने खालचा आदेश तपासून बघणं; दोन्हीची मुदत ६० दिवस. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण पट्ट्यात आदिवासींची जमीन परत मिळण्याचं प्रकरण १९७४ च्या कायद्याखाली असेल, तर त्यावरचं अपीलही न्यायाधिकरणाकडे जातं. शेतरस्त्याचा वाद कलम १४३ खालचा असेल तर तहसीलदारांच्या निर्णयानंतर एक वर्षाच्या आत दिवाणी दावाही करता येतो, पण एकदा दावा टाकला की महसुली अपिलाचा मार्ग बंद होतो. आणि रस्ता अडवलाय म्हणून मामलेदार कोर्ट कायद्याखाली निकाल झाला असेल तर त्यावर अपील नाहीच, पुनरीक्षण आहे. आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात कुठल्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय, ते बोट ठेवून वाचा. दार तिथेच कळतं.

अपील करायची गरज नसलेली एक मोठी गोष्टही सांगून ठेवते. संगणकीकरणात नाव चुकलं, क्षेत्राचे आर मागेपुढे झाले, हस्तलिखित सातबाऱ्यावर असलेलं संगणकीकृत सातबाऱ्यावर आलंच नाही, ही लेखनप्रमादाची प्रकरणं. त्यासाठी तहसीलदारांकडे कलम १५५ चा अर्ज करायचा, सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडायचा. पण १५५ च्या अर्जातून एखाद्याचं नाव काढून टाका असं मागितलं, तर तो फेटाळला जाणारच. लोक त्यात वर्ष घालवतात.

साठ दिवस कसे मोजायचे

जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत ६० दिवस, इतर बाबतीत ९०. मोजणी आदेश तुम्हाला मिळाल्याच्या तारखेपासून. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ यातून वगळला जातो, म्हणून नक्कल मागितल्याची आणि तयार झाल्याची, दोन्ही तारखा नकलेवर आहेत ना ते खिडकीवरच तपासा. उदाहरण देते. आदेश ३ मार्चला मिळाला तर साठावा दिवस २ मे. शेवटचा दिवस रविवारी किंवा १ मे सारख्या सुटीच्या दिवशी आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं. पण इतकं काठावर जाऊच नका. टपालाने आदेश आला असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे.

मुदत गेली असेल तरी सगळं संपलं असं नाही. कलम २५१ प्रमाणे पुरेसं कारण दाखवलं तर उशिरा आलेलं अपीलही दाखल करून घेता येतं. त्यासाठी अपिलासोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं. ‘अपिलार्थी अशिक्षित असून कायद्याचे ज्ञान नाही’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्याने काम होत नाही. कधी कळलं, कसं कळलं, कळल्यावर काय केलं, हे तारखेने लिहा. आईने मावशीला पीक कर्जाच्या कामासाठी डिजिटल सातबारा काढून दिला, १५ रुपये भरून, आणि त्यात दोघींची नावं नाहीत हे त्या दिवशी दिसलं. उताऱ्यावर काढल्याची तारीख छापलेली असते. तोच उतारा आम्ही विलंब अर्जाला जोडला. त्यानंतर आठ दिवसांत नकलेचा अर्ज, नक्कल मिळाल्यावर तीन आठवड्यांत अपील, असा सगळा क्रम लिहिला. सात महिन्यांचा उशीर माफ झाला.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर मात्र, विशेषतः त्यानंतर जमीन विकली गेली असेल तर, प्रांतांकडे फारशी आशा धरू नका. तिथे आधी वकिलाचा सल्ला घ्या.

अपील अर्ज कसा लिहायचा

मथळ्यात ‘मा. उपविभागीय अधिकारी यांचे न्यायालयात’, मग अपिलार्थी आणि सामनेवाले. सामनेवाल्यांत कोणालाही गाळू नका: नोंदीचा फायदा झालेले सगळे, बाकीचे वारस, मधल्या काळात जमीन घेतलेला खरेदीदार, सातबाऱ्यावर बोजा असलेली बँक किंवा सोसायटी. एकाचं नाव राहिलं तरी पुढे सगळं पुन्हा करावं लागतं. कोणी मयत असेल तर त्याचे वारस घ्या. पत्ते खरे आणि पूर्ण लिहा, कारण नोटीस बजावली गेली नाही म्हणून जितक्या तारखा वाया जातात तितक्या दुसऱ्या कशाने जात नाहीत.

पुढे गावाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, फेरफार क्रमांक, प्रमाणित झाल्याची तारीख. मग हकिकत एका पानात. आईने पहिल्यांदा लिहिलेल्या हकिकतीत आजोबांनी विहीर कशी खणली तिथपासून सगळं होतं, सहा पानं. ती सहा पानं आम्ही घरी जपून ठेवली आहेत. अपिलात गेली ती एवढीच वाक्यं:

‘सदर नोंद प्रमाणित करण्यापूर्वी अपिलार्थी यांना कलम १५०(२) प्रमाणे नोटीस बजावण्यात आलेली नाही. नोटिशीच्या पोचेवर सामनेवाला क्र. ३ यांची सही आहे. अपिलार्थी यांनी त्यांना नोटीस स्वीकारण्याचा कोणताही अधिकार दिलेला नव्हता. ज्या कागदाच्या आधारे अपिलार्थी यांची नावे वगळली, तो दस्त नोंदणीकृत नाही.’

अपील म्हणजे आपली कैफियत नव्हे. खालच्या अधिकाऱ्याने काय पाहायला हवं होतं आणि ते पाहिलं नाही, हे दाखवणं म्हणजे अपील. प्रत्येक मुद्द्यासमोर फाइलमधला कागद कोणता, त्याचं पान कोणतं, ते लिहा. मामा लोभी आहेत, मामीने कान भरले, यातलं एक अक्षरही अर्जात नको. ते वाचून प्रांतांना निर्णय देता येत नाही, आणि उद्या त्याच माणसांशी तुम्हाला बांधावर बोलायचं असतं.

शेवटी मागणी. इथे बरेच अर्ज ढिले पडतात. ‘न्याय मिळावा ही विनंती’ एवढंच लिहिलं तर आदेश काय द्यायचा? फेरफार क्रमांक अमुक रद्द व्हावा, सर्व वारसांना नोटीस देऊन वारस नोंदीची फेरचौकशी करण्याचे आदेश व्हावेत, अपिलाचा निकाल होईपर्यंत नोंदीस स्थगिती मिळावी, असं स्पष्ट मागा.

सोबत आदेशाची किंवा फेरफाराची प्रमाणित नक्कल लागतेच, कलम २५४ मध्ये तसं आहे. चालू सातबारा, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, कोर्ट फी तिकीट, वकील असेल तर वकीलपत्र. सामनेवाले जितके तितक्या जादा प्रती, आणि आपल्यासाठी एक, जिच्यावर आवक शिक्का घ्यायचा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर सीबीएससमोरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महसुली न्यायालयं आणि अर्धन्यायिक प्राधिकरणंही धरलेली आहेत, आणि स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हे फार थोड्या बायकांना माहीत आहे. माहेरच्या जमिनीसाठी भांडायला नवऱ्याकडे पैसे मागायचे कसे, म्हणून गप्प बसलेल्या किमान तिघी मला माहीत आहेत.

स्थगिती वेगळी मागावी लागते

अपील दाखल झालं म्हणजे नोंद आपोआप थांबते असं समजू नका. सातबारा तसाच राहतो, त्यावर कर्ज काढता येतं, जमीन विकताही येते. कलम २५६ खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्या आणि निकड काय आहे ते कागदाने दाखवा: जमीन विकायची बोलणी चालल्याचा मेसेज, पेपरातली जाहीर नोटीस, मोजणीचा अर्ज. नुसती भीती वाटते म्हणून स्थगिती सहसा मिळत नाही. स्थगिती मिळाली तर तिची प्रत त्याच दिवशी तलाठी आणि दुय्यम निबंधक, दोन्ही कार्यालयांत नेऊन पोच घ्या. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप जाईल, या भरवशावर राहू नका. स्थगिती मिळाली किंवा नाकारली, तरी त्या आदेशावर अपील होत नाही. तेव्हा तिथे अडून न बसता मूळ अपील पुढे नेत राहायचं.

तारखेच्या दिवशी

दालनाबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला अनुक्रमांक बघायचा. महसुली दाव्यांच्या तारखा आणि आदेश दाखवणारी ‘ई-क्यूजे कोर्ट’ ही शासकीय वेबसाइट आहे. आदल्या रात्री तिथे नजर टाका, पण तारीख बदलली असं दिसलं तरी कचेरीत फोन करून खात्री केल्याशिवाय घरी थांबू नका. पुकारा झाल्यावर हजर नसलात तर रोजनाम्यात ‘अपिलार्थी गैरहजर’ असं लागतं आणि दोन-तीनदा असं झालं की अपील काढून टाकलं जाऊ शकतं. रोजनामा म्हणजे फाइलच्या वरच असलेलं तारखांचं पान. त्यावर तुमची सही झाली का आणि पुढची तारीख काय लिहिली, हे स्वतः बघून निघायचं.

पहिल्या एक-दोन तारखा नोटिसा बजावण्यात जातात. मग खालचं रेकॉर्ड मागवतात. ते येत नाही. पुन्हा पत्र जातं. आम्हाला या रेकॉर्डनेच चार तारखा खाल्ल्या. शेवटी मी पत्राचा जावक क्रमांक घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले, आणि फाइल दुसऱ्याच गावाच्या गठ्ठ्यात सापडली. लिपिकाने तिथल्या तिथे ती आवक वहीत चढवली. हे काम तुमचं नाही, तरी करावं.

युक्तिवादाच्या दिवशी बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात. लेखी युक्तिवाद दोन पानांचा करून द्या. निकाल बरेचदा आठवड्यांनी लिहिला जातो, तेव्हा तोच समोर असतो. आमच्या वेळी साहेबांनी आईला थेट विचारलं, “बाई, नोटीस तुम्हाला मिळाली होती का?” आई म्हणाली, “नाही साहेब, माझ्या भावाला मिळाली.” मग मामाला विचारलं, सही तुमचीच का? मामा हो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे आई अजून सांगते. पुढे कोणीच काही बोललं नाही. फाइलवर ‘निकालासाठी बंद’ असं लागलं.

बाहेर जी माणसं ‘साहेबांना सांगतो, निकाल तुमच्या बाजूने’ म्हणून गाठतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. त्यांच्या हातात काही नसतं. तुमचा नंबर मात्र त्यांच्याकडे राहतो.

निकाल आल्यावर

प्रांत नोंद कायम ठेवू शकतात, रद्द करू शकतात, बदलू शकतात किंवा फेरचौकशीसाठी परत पाठवू शकतात. वारस गाळलेल्या, नोटीस न दिलेल्या प्रकरणांत बहुतेक वेळा शेवटचंच होतं. ‘परत खालीच पाठवलं, म्हणजे हरलो’ असं समजून एक जण निकालाच्या दिवशी रडताना मी पाहिलाय. ते हरणं नव्हे. वादग्रस्त नोंद रद्द झालेली असते आणि आता सुनावणी तुमच्यासमोर होणार असते.

विरोधात गेलं तर पुन्हा ६० दिवसांत जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी यांच्याकडे दुसरं अपील. त्यांच्या आदेशावर ९० दिवसांत नाशिक रोडला, विभागीय आयुक्त कार्यालयात; धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगरची प्रकरणंही तिथेच येतात, त्यामुळे गर्दीचा अंदाज ठेवा. त्यापुढे कलम २५७ खाली शासनाकडे पुनरीक्षण. त्याच अधिकाऱ्याने आदेश पुन्हा तपासावा असा पुनर्विलोकनाचा अर्ज कलम २५८ खाली ९० दिवसांत करता येतो, पण त्यासाठी नवा पुरावा किंवा उघड दिसणारी चूक लागते. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा की भांडण अजून नोंदीचंच आहे की आता मालकीचं झालंय. मालकीचं झालं असेल तर दिवाणी दावा.

बाजूने लागलं तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. प्रांतांच्या आदेशाचाही फेरफार घ्यावा लागतो, तो घेतल्याशिवाय सातबारा बदलत नाही. ‘महाभूमी’ या शासकीय वेबसाइटवर ‘आपली चावडी’ मध्ये गाव निवडून नोंद आली का ते घरबसल्या, फुकट बघता येतं. तिथे हरकतीची मुदतही दिसते. आमचा निकाल लागल्यावर फेरचौकशीला तीन महिने गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी दोघींचे जबाब घेतले, आणि त्यानंतरही नोंद चढायला आई तीन सोमवार तलाठी कार्यालयात जाऊन बसली. चौथ्या सोमवारी तिने मोबाइलवर उतारा उघडून मला दाखवला. आजी, मोठा मामा, आई, मावशी, धाकटा मामा, अशा क्रमाने पाच नावं होती. आईचं नाव सासरच्या आडनावासह बरोबर लागलं होतं, मावशीच्या नावात एक वेलांटी चुकली होती. त्यासाठी १५५ चा अर्ज आम्ही त्याच दिवशी देऊन आलो.